बेल्टला लावलेला गूळ

टोमॅटोचा गर काढायच्या मशिनच्या बेल्टला मी गूळ लावला. चुकून लागला नाही, लावला. मुठीएवढा खडा, घासून घासून, संपेपर्यंत.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा मला थांबवतो आणि समजूतदारपणे विचारतो, "ग्रीस म्हणायचंय का तुला?" नाही. गूळ. चहात टाकतो तो. आणि ग्रीस लावलं असतं तरी चूकच झाली असती, हे मला आज कळतं. तेव्हा फक्त गूळ कळत होता.

असली बुद्धी माणसाला एका दिवसात होत नाही. तिची तयारी बरीच आधीपासून चाललेली असते. माझी तयारी सुरू झाली ती माझ्या लग्नापासून, म्हणजे न होणाऱ्या लग्नापासून.

वारूळवाडीला आमची शेती आहे. पाण्याखालची. टोमॅटो, कांदा, मधूनच ऊस. घर स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. पूर्वी एवढ्यावर माणसाची दोन लग्नं झाली असती. आता मुलीकडचे येतात आणि चहाचा कप तोंडाला लावायच्या आत विचारतात, "मुलगा कंपनीत कुठं असतो?" शेतात असतो म्हटलं की कप परत बशीत. आमच्या बांधाला बांध असलेल्या घरातला मुलगा चाकणच्या कंपनीत खोकी चिकटवायचं काम करतो. मला बघायला आलेले एक पाहुणे जाताना त्याच्या घराचा पत्ता विचारून गेले. पत्ता मीच सांगितला. वर "आंब्यापासून डावीकडं वळा, कुत्रं आहे पण चावत नाही" असं नीट समजावूनही दिलं.

मग शिनोलीचं स्थळ आलं. मुलीच्या वडिलांची तिथं पिठाची गिरणी, शेजारी भात भरडायचं मशीन. गिरणी मुलगीच चालवते असं मध्यस्थ म्हणाला तेव्हा मला वाटलं, गल्ल्यावर बसत असेल. आम्ही बघायला गेलो तर ती थेट गिरणीतूनच आली, भुवयांवर पीठ तसंच. पोहे तिच्या आईनं आणले. रिवाजाप्रमाणे प्रश्न आमच्या बाजूनं विचारायचे असतात. पण माझ्या आईनं घसा साफ करायच्या आत तिनंच मला विचारलं,

"मशिनरीतलं काय कळतं का तुमाला?"

"शेतकऱ्याला सगळंच कळतं," मी म्हणालो. "विहिरीवरची मोटर मीच खोलतो."

"आन् जोडतं कोण?"

मी पोह्यातले शेंगदाणे शोधायला लागलो. तिच्या वडिलांनी विषय मिटवला. "हे बघा पावणं, पोरगा आमाला पसंत हाय. पण आमचं एकच म्हणणं. कंपनीत पक्का पायजे. दिवाळीपत्तोर थांबतो. तवर झालं तर आपलं, न्हाई झालं तर राम राम."

मुलगी मला पसंत पडली होती. म्हणजे फारच. परत येताना घोडेगाव मागं पडेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही, आणि आईला तेवढ्यावरून सगळं कळलं.

आमच्या गावाजवळच टोमॅटोवर प्रक्रिया करणारा एक कारखाना आहे. बाजारात न खपलेला माल आम्ही तिथं घालायचो, त्यामुळं गेट ओळखीचं होतं. आईनं माहेरच्या कुणाची तरी ओळख काढून थेट साहेबापर्यंत धडक मारली. साहेब म्हणाले, मेंटेनन्सला शिकाऊ म्हणून घेतो. हेडफिटर शिकवतील. दिवाळीला ते 'ठेवा' म्हणाले तर पक्का. 'नको' म्हणाले तर पुन्हा टोमॅटो घेऊन या, तेही लागतातच.

हेडफिटरला सगळा कारखाना मामा म्हणायचा. मूळचे भाताच्या पट्ट्यातले, मढकडचे. आवाज असा की मशीन चालू असतानाही त्यांनी दिलेली शिवी शब्दन् शब्द ऐकू यायची. मशिनला अहो-जाहो करायचे आणि माणसाला अरे-तुरे. "या बाई आज जरा गरम हायती" असं पंपाबद्दल बोलायचे, आणि साहेबांबद्दल "ते कुठं तडफडलंय?"

पहिल्या दिवशी आई माझ्याबरोबर गेटपर्यंत आली. मी नको नको म्हणत असताना तिनं मामांना गाठलं, हातात चकल्यांचा डबा दिला आणि सगळी शिफ्ट आत जात असताना सांगितलं, "भाऊ, याचं लगीन तुमच्या हातात हाय."

मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढं अवघड काम मला जमंल का न्हाई बघतो," म्हणाले. त्या क्षणापासून कारखान्यात मला दुसरं नाव उरलं नाही. मी जावईबापू झालो. साहेबसुद्धा एकदा मीटिंगमध्ये चुकून तेच बोलून गेले.

शिक्षण सुरू झालं. पहिला धडा हात मागं बांधायचा.

"मशीनपुढं आलं की हात मागं," मामा म्हणाले. "आधी बघायचं. मग ऐकायचं. मग वास घ्यायचा. एवढं करून बी काय कळलं न्हाई, तर हात फुडं आणायचे आन् मला फोन लावायचा."

दुसरा धडा पान्यांचा. मामा कन्व्हेयरच्या खाली आडवे व्हायचे आणि फक्त पंजा बाहेर काढून म्हणायचे, "चौदा." मी धावत जाऊन पाना आणून पंज्यावर ठेवायचो. खालून आवाज यायचा, "ह्यो सतरा." मी दुसरा आणायचो. "ह्यो बारा." मी तिसरा आणायचो. पंजा तो फिरवून बघायचा. "जावईबापू, ह्यो प्लंबरचा हाय. रुखवतात पान्यांचा सेट मागून घ्या."

मग कानस. एक लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून दिला, अंगाच्या साबणाच्या वडीएवढा. सगळ्या बाजू घासून सपाट करायच्या आणि कोपरे काटकोनात आणायचे. वर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडाकडं धरायचं. फटीतून उजेड दिसला तर पुन्हा घास. मी घासलं. डावीकडून उजेड. डावीकडं घासलं. उजवीकडून उजेड. उजवीकडं घासलं. खांदे भरून आले, रात्री भाकरीचा तुकडा मोडताना हात आपोआप पुढं-मागं व्हायला लागला. वडी हळूहळू हॉटेलातल्या साबणाएवढी झाली, मग पेढ्याएवढी. शेवटी उजेड सगळीकडून सारखाच यायला लागला तेव्हा मी ती मामांच्या हातावर ठेवली. मामांनी ती अंगठ्यानं फिरवून बघितली.

"चौकोन मागितला व्हता," ते म्हणाले. "तू शाळिग्राम दिलास."

बेरिंग ऐकायचं कसं तेही शिकवलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली खरखर मुठीतून कानात येते. मी मूठ मशिनवर टेकवली आणि टोक कानात घालायला निघालो. मामांनी मनगट धरलं. "तुझ्या कानातला मळ काढायला कंपनी पगार देती का?"

ग्रीसच्या बाबतीत मात्र दोष माझा नाही, आमच्या घराचा आहे. आमच्याकडं पाहुण्याच्या पुरणपोळीवर तूप ओघळेपर्यंत वाढतात. वाढणाऱ्याचा हात आखडला तर आई लांबूनच डोळे वटारते. हातात ग्रीसगन आली तेव्हा मी त्याच संस्कारानं दाबत गेलो. बेरिंगच्या कडेनं ग्रीस ओघळलं तेव्हा मला समाधान वाटलं. जेवण झाल्यावर मामांनी त्या बेरिंगवर पालथा हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"ह्यास्नी जेवाया बसवलं व्हतंस का?"

"कमी पडू नये म्हणून..."

"आरं, आत गोळ्यांना फिराया जागा लागती. तू पोटभर जेवून पळून दाखव बरं."

एकच गोष्ट मामांनी थट्टेवारी न नेता शिकवली. ती म्हणजे कुलूप. मेंटेनन्सच्या प्रत्येकाला स्वतःचं एक कुलूप असायचं आणि त्याला एकच किल्ली. मशिनला हात लावायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याच्या कडीला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची आणि मग सुरू करायचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय का. आपलं कुलूप आहे तोवर दुसरं कुणी मशीन सुरू करू शकत नाही. माझ्या कुलपाला मी लाल रंग दिला होता. मामांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही. ते कसं गेलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही; कुलपाचं सांगताना फक्त ते बोट वर धरलं. "बाकी काय बी इसरलास तर मशीन जाईल. ह्ये इसरलास तर तू जाशील."

अशा रीतीनं दिवाळी जवळ आली. मामांनी अजून 'ठेवा' म्हटलं नव्हतं, 'नको'ही म्हटलं नव्हतं. आई रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हणले मामा?" आणि मी सांगायचो, "शाळिग्राम म्हणले." शिनोलीहून मध्यस्थाचा फोन यायला लागला. कळमजाईकडच्या एका पोराचं स्थळही तिकडं चालून आलंय, तो पक्का आहे, असं त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं.

आणि नेमकी तेव्हाच मढची भातं कापणीला आली. भातकापणी म्हटल्यावर तिकडच्या माणसाला कुठलाही साहेब थांबवू शकत नाही. मामांनी सुट्टी टाकली आणि जाताना मला बाजूला घेतलं.

"उद्याच्या दिवस सांभाळ. काय झालं तर फोन कर. रेंज आसली तर उचलतो."

"आणि रेंज नसली तर?"

"तर हात मागं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गर काढायचं मशीन किंचाळायला लागलं. साधं नाही, डुकराला कुंपणात अडकल्यावर जो कंठ फुटतो तसं. सुपरवायझर पळत आला. मी मामांना फोन लावला. फोनमधली बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. मी मशिनपुढं हात मागं बांधून उभा राहिलो. बघितलं. ऐकलं. वास घेतला. जळक्या रबराचा वास येत होता. बेल्ट ढिले पडून पुलीवर घसरत होते. एवढं निदान मी बरोबर केलं, त्याचा मला आजही अभिमान आहे. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्टच झाली नसती.

"किती टाइम लागंल?" सुपरवायझर ओरडला. "माल येऊन पडलाय भायेर!"

खरा उपाय मला माहीत होता. मोटरचे चार बोल्ट ढिले करायचे, मोटर मागं सरकवायची, बेल्ट ताणायचे, दोन्ही पुल्या एका ओळीत आणायच्या. पण मागच्या वेळी मी सरकवलेली मोटर अशी तिरकी बसली होती की मामांनी तिला विचारलं होतं, "रुसलाय का?" पुन्हा ती वेळ यायला नको होती. आणि तेवढ्यात मला गुऱ्हाळ आठवलं.

लहानपणी आमच्या उसाचं गुऱ्हाळ लागायचं. तेलावर चालणारं इंजिन एका टोकाला, ऊस पिळायचा चरक दुसऱ्या टोकाला, मधे लांबलचक चपटा पट्टा. पट्टा घसरायला लागला की रस आटवणारा गुळव्या काहिलीजवळून उठायचा, गुळाचा चिकट खडा पट्ट्यावर घासायचा आणि परत जाऊन बसायचा. पट्टा मुकाट्यानं ओढायला लागायचा. एवढा सोपा, स्वस्त, घरचा उपाय ठाऊक असताना लोक बोल्ट का खोलतात, असा मला खरोखर प्रश्न पडला.

मी मेन बंद केला, माझं लाल कुलूप घातलं, बेल्टवरची जाळी काढली. कॅन्टीनमधून गूळ आणला. तिन्ही बेल्टना लावला. जाळी बसवली, कुलूप काढून कडीशेजारच्या आकड्याला अडकवलं, मेन टाकला, बटण दाबलं.

मशीन गप्प. म्हणजे चालू, पण किंचाळणं गप्प. रडणाऱ्या पोराला गुळाचा खडा चोखायला द्यावा तसं. सुपरवायझरनं माझा हात हातात घेऊन हलवला. जरा चिकटला, पण त्याला वाटलं माया आहे.

मी लगेच आईला फोन केला. ही दुसरी चूक. आईकडं गेलेली बातमी कधी तिथं मुक्काम करत नाही. संध्याकाळी घरी पोचलो तर आई उंबऱ्यातच उभी. "शिनोलीला कळवलं," ती म्हणाली. "म्हटलं, आमच्या पोरानं एकट्यानं बंद पडलेली कंपनी चालू केली. उद्या सकाळी पावणं येत्यात कंपनी बघाया. सायबाला मी इचारून घेतलंय. पोरगी बी येणार हाय."

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, डोक्याला तेल लावलं आणि शिट्टी वाजवत कारखान्यात शिरलो.

आत मुंगळे होते. काळे, चांगले पोसलेले. कंपाउंडच्या कडुनिंबावरून खिडकीत, खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून सरळ मशिनच्या जाळीत. आत जणू कार्यच होतं, पंगत बसलेली, वाढपी येताहेत, जाताहेत. मी ते बघतोय तेवढ्यात सुपरवायझरनं मला न विचारता मशीन सुरू केलं. रात्रीत गुळाची चिक्की झालेली होती. बेल्ट फटाफट उडायला लागले, चिक्कीचे तुकडे जाळीवर ताडताड आपटले, करपलेल्या गुळाचा वास सगळ्या शेडमध्ये भरला. मग स्टार्टरमधून टकटक, टकटक, आणि सगळं बंद. स्टार्टरच्या आतही मुंगळे शिरले होते. बाहेर टोमॅटोच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. काल हात हलवणाऱ्या सुपरवायझरनं आज तोच हात लांब करून बोटानं मला दाखवलं.

आणि दारात मामा उभे राहिले. पहाटेच्या गाडीनं सरळ आलेले, केसांत भाताचा पेंढा तसाच. त्यांनी नाक वर केलं.

"गुऱ्हाळ कवा घातलं सायबानं?"

मामांनी हात मागं बांधले आणि मुंगळ्यांच्या रांगेमागून चालायला लागले. माझे काल गुळानं माखलेले हात कुठं कुठं लागले, त्याचा पुरा नकाशा मुंगळ्यांनी काढून ठेवला होता. जाळी. जाळीचे बोल्ट. हिरवं बटण. स्टार्टरची कड. आकड्याला लटकलेलं लाल कुलूप. तिथं मामा जरा जास्त वेळ थांबले. मग माझी पान्यांची पेटी. पेटीतला, हो, चौदाचाच पाना. शेवटी रांग फरशीवरून आली ती माझ्या बुटापाशी, आणि मामाही तिच्याबरोबर तिथं येऊन थांबले.

"जावईबापू," ते म्हणाले.

तेवढ्यात साहेबांचा शिपाई पाहुण्यांना घेऊन आला. पांढरी टोपी घातलेले मुलीचे वडील, आणि मागं ती. मामांनी एकदा पाहुण्यांकडं बघितलं, एकदा माझ्या तेल लावलेल्या केसांकडं.

"या पावणं, या. येळेवर आला. पोरानं तुमच्यासाठी गोडाचं केलंय."

"काय झालं वो?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"बेल्टला गूळ लावलाय."

मुलीचे वडील जाळीतून वाकून बघायला लागले. तिनं मात्र विचारलं, "कसल्या बेल्टला? चपट्या, का व्ही?"

"व्ही," मी म्हणालो. कारण कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

"व्हीला?" ती एवढंच म्हणाली. गूळ चालला तर चपट्या पट्ट्याला; व्ही बेल्ट पुलीच्या खाचेत बसतो, तो फक्त ताणायचा असतो. गिरणीत इतकी वर्षं घालवून तिनं जे बघितलं नव्हतं ते आज बघायला मिळालं, असा तिचा चेहरा झाला.

"म्हंजी पोरगं पक्कं हाय का न्हाई?" वडिलांनी मामांना विचारलं. त्यांना परत शिनोलीची गाडी धरायची होती.

"ते आजच ठरवू." मामांनी एक क्रेट उलटा केला आणि त्यावर बसले. "हात फुडं आण रं. तूच घातलंस, तूच निस्तर. मी बोलणार न्हाई."

मामा बोलणार नाहीत यापेक्षा मोठी शिक्षा त्या कारखान्यात नव्हती. मी मेन बंद केला. मुंगळे झटकून लाल कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली. बटण दाबून बघितलं, मेलेलं. जाळी काढली. बॉयलरचं गरम पाणी आणून पुलीच्या खाचा धुतल्या. गरम पाण्यात गूळ विरघळतो, एवढं मला कुणी शिकवावं लागलं नाही. बेल्ट तिन्ही नवे घेतले, कारण मामांनी एकदा सांगितलं होतं, एक बैल तरणा आणि दोन म्हातारे एका नांगराला जुंपत नाहीत. मोटरचे बोल्ट ढिले केले. दोन्ही पुल्यांच्या तोंडावरून दोरी ताणून धरली. दोरी दोन्हींच्या दोन्ही कडांना टेकली तरच त्या एका ओळीत. मोटर रुसली. थोडी ठोकली. उलट्या बाजूला रुसली. पुन्हा ठोकली. घाम डोळ्यांत उतरला, केसांतलं तेल घामाबरोबर उतरलं. शेवटी दोरी चारी ठिकाणी टेकली. बोल्ट समोरासमोरचे आवळले. अंगठ्यानं बेल्ट दाबून बघितला, अंगठ्याच्या जाडीएवढा दबला. तोवर वायरमननं ब्रश मारून स्टार्टरमधले मुंगळे काढले.

मधे पाहुण्यांना खुर्च्या आल्या, चहा आला. साखरेचा. गूळ संपला होता.

मामांनी सगळ्या वेळात एकदाच तोंड उघडलं, जांभईसाठी.

मी जाळी बसवली, हात पुसले, पाहुण्यांकडं एक नजर टाकली आणि नारळ फोडायच्या थाटात हिरवं बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. बटणाला जोर कळत नाही.

"व्होल्टेज कमी असणार," मी मोठ्यानं म्हणालो. "थ्री फेजला असं होतं कधी कधी." मुलीच्या वडिलांनी मान डोलावली, आंबेगाव तालुक्यात राहणारा माणूस व्होल्टेजवर लगेच विश्वास ठेवतो. "किंवा मुंगळ्यांनी कॉइल खाल्ली असेल." वायरमननं माझ्याकडं बघितलं. मी पेटीतून टेस्टर काढला, स्क्रूड्रायव्हर काढला, उगाच मोटरच्या बेरिंगला लावून ऐकलं, आणि या वेळी बरोबर टोकानं ऐकलं. बंद मोटर कशी वाजणार? पण मी गंभीरपणे "हं" म्हणालो. मामांच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, संतापानं.

मुलीनं कप खाली ठेवला. उठली, पॅनलपाशी गेली आणि समोर उभी राहिली. हात मागं बांधून. तिला कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

"ह्ये लाल कुलूप कुणाचं?" तिनं विचारलं.

"माझं," मी म्हणालो.

"आन् किल्ली?"

माझा हात खिशाकडं गेला. किल्ली निघाली. तिच्यावर एक मुंगळा बसलेला होता, तोही निघाला.

कुलूप काढलं, मेन टाकला, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. किंचाळणं नाही, फटफट नाही. टोमॅटो वरून पडायला लागले आणि खालून लाल गर यायला लागला. सगळी शेड हसत होती, मामा तर क्रेटवरून घसरले होते. तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी, मला ऐकवत नव्हतं अशा आवाजात, विचारलं,

"काय मामा? काय करायचं याचं?"

मामा उठले. डोळे पुसले. मुलीचे वडील खुर्चीच्या कडेला आले. माझी आई तिथं नव्हती, पण मला ती गेटबाहेर चकल्यांचा डबा घेऊन उभी असल्यासारखी दिसत होती.

"ठेवा," मामा म्हणाले.

"ठेवा? अहो, गूळ लावलाय त्यानं!"

"लावलाय. पण कुलूप घालून लावलाय." मामांनी लाल कुलूप हातात घेऊन साहेबांपुढं धरलं. "सकाळी ह्याच्यावर मुंगळं व्हतं. म्हंजी काल गुळाचं काम झाल्यावर त्याच हातानं ह्येनं कुलूप काढलं. म्हंजी लावलं व्हतं. मी नव्हतो, ह्यो सुपरवायझर डोस्क्यावर बोंबलत व्हता, तरी लावलं व्हतं." मग त्यांनी ते तुटकं बोट वर केलं. "डोस्कं मी भरतो सायेब, हळूहळू. बोट भरता येत न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि निघून गेले. म्हणजे मी पक्का झालो होतो. मी आपला टेस्टर पुसत राहिलो.

मुलीचे वडील टोपी सारखी करत उभे राहिले आणि मुलीकडं वळले. "हं, आता तू बोल बाई. पोरगं कंपनीत पक्कं झालं. तुझं काय म्हणणं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर तेल, शर्टावर ग्रीस, बाहीवर उरलेला एक मुंगळा.

"माझी काय हरकत न्हाई," ती म्हणाली. "पण आमच्या गिरणीला हात लावायचा न्हाई."